बिडावरची अक्षरे

या वर्षीच्या अंकासाठी ‘मोल’ हा विषय मुक्रर करून संपादकांनी पत्र धाडले. सोने, जमीन, कला अशा ज्या वस्तूंच्या मोलाविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे त्यांच्याकडे न वळता, जिचे मोल ठरविण्यास कसोटीचा दगड नाही, सराफ नाही आणि सरकारी दरपत्रकही नाही, अशा एखाद्या वस्तूकडे पाहावे असे माझ्या मनाने घेतले. जुन्या ट्रॅक्टरांचे जोडसामान ही अशी वस्तू आहे. ठिणगी निर्माण करणारे मॅग्नेटो, वेग आवरणारे गव्हर्नर, पट्टा फिरवणाऱ्या पुल्या, दिवे, मडगार्ड, लोखंडी चाकांचे दाते, हत्यारपेट्या, पाने, तेलाचे बुधले आणि नामपट्टिका या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. ज्या यंत्रांवर ही सामग्री एके काळी बसली होती त्यांतील बहुसंख्य यंत्रे वितळून गेली. सामग्री मात्र कोठाराच्या कोपऱ्यात राहिली, आणि ती कोठली, कोणाची, केव्हाची आणि किती मोलाची, या चार प्रश्नांची उत्तरे आता तिच्याच अंगावरून वाचावी लागतात.

मैदानावर

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, ओहायोच्या सीमेलगत, पोर्टलंड नावाचे एक लहान गाव आहे. सभोवती दृष्टी पोहोचेल तेथवर मका आणि सोयाबीन. ऑगस्टच्या अखेरीस तेथील जत्रेच्या मैदानावर जुनी इंजिने आणि ट्रॅक्टर यांचे विशाल संमेलन भरते. संमेलनाच्या एका अंगाला धडधडणाऱ्या इंजिनांची प्रदर्शने, तर दुसऱ्या अंगाला सुट्या भागांचा असा बाजार असतो की ज्यात रांगांमागून रांगा संपतात, तरी बाजार संपत नाही. मूळचे सांगली जिल्ह्यातील आणि यंत्र-अभियंत्याच्या नोकरीनिमित्त त्या राज्यात स्थायिक झालेले माझे यजमान मला तेथे घेऊन गेले. ‘‘आधी भाव विचारू नका,’’ त्यांनी वाटेतच बजावले, ‘‘आधी माणसे वस्तू कशी हातात घेतात ते पाहा.’’

ते पाहणे उद्बोधक होते. मालवाहू गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून त्यांवर, लाकडी बाकांवर, कित्येक ठिकाणी तर गवतावर पसरलेल्या ताडपत्रीवर सामान मांडलेले होते. त्याच्याभोवती वयस्क गिऱ्हाइके गुडघ्यांवर बसून, एका हातात तारेचा ब्रश आणि दुसऱ्या हातात छोटी विजेरी घेऊन, गंजाखाली दडलेली अक्षरे उजेडात आणण्यात गढून गेली होती. कोणी खिशातील चुंबक लावून भाग पोलादाचा की जस्ताच्या ओतिवाचा हे ताडत होता, कोणी पट्टी लावून दोन भोकांमधील अंतर मोजत होता, तर कोणी तेलाने काळवंडलेले सुट्या भागांचे छापील पुस्तक उघडून त्यातील आकृतीशी हातातल्या वस्तूची रुजवात घालत होता.

एका वृद्ध विक्रेत्याने एक मॅग्नेटो उचलला आणि त्याचा आस अंगठ्याने सावकाश फिरवला. आत काहीतरी अडले, मग खट् असा आवाज करून सुटले, आणि तारेच्या टोकाशी निळसर ठिणगी उमटली. हा खटका म्हणजे त्या यंत्रातील एक चतुर योजना होय. हाताने दांडा फिरवून इंजिन चालू करताना वेग अगदीच मंद असल्यामुळे चुंबकाच्या क्षेत्रातून पुरेशी वीज उत्पन्न होत नाही, म्हणून एक कमान आसाला क्षणभर रोखून धरते आणि मग एकदम सोडते, आणि त्या झटक्याच्या वेगात बॅटरीविना ठिणगी पडते. ‘‘आवाज चांगला आहे, ठिणगी चांगली आहे,’’ विक्रेता म्हणाला, ‘‘पण हा डावीकडे फिरणारा आहे. तुमचे इंजिन उजवीकडे फिरणारा मागत असेल, तर हा तुमच्या काही कामाचा नाही.’’ बाह्यतः तंतोतंत सारखे दिसणारे दोन मॅग्नेटो फिरण्याच्या दिशेवरून परस्परांहून भिन्न ठरतात आणि त्यांचे मोलही त्यानुसार बदलते, हा पहिला पाठ मला तेथे मिळाला.

जोडसामान का जन्मले

या सामानाचे मूळ शोधायचे तर ते ज्या उणिवेतून जन्मले ती उणीव आधी समजून घेतली पाहिजे. हेन्री फोर्ड यांनी १९१७ साली आपल्या फोर्डसन ट्रॅक्टरचे उत्पादन आरंभिले. मिनियापोलिसच्या एका कंपनीने ‘फोर्ड’ हे नाव आधीच आपल्या ट्रॅक्टरला दिलेले असल्यामुळे त्यांना आपल्या यंत्राला हे निराळे नाव द्यावे लागले. यंत्र स्वस्त ठेवणे हाच त्यांचा प्रधान हेतू होता, आणि १९२२च्या जानेवारीत त्यांनी फोर्डसनची किंमत ६२५ डॉलरवरून एकदम ३९५ डॉलरवर आणली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांत हाहाकार उडाला. अमेरिकेत १९२८ पर्यंत सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले. परंतु या स्वस्ताईची किंमत शेतकऱ्याला अन्य मार्गाने मोजावी लागे. आरंभीच्या फोर्डसनला वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर नव्हता, आणि मागे ओढण्याचा भार अडला की पुढची चाके उचलून यंत्र पाठीमागे उलटे, त्यात चालकांचे प्राण जात.

मूळ कारखानदाराने जे दिले नाही ते देण्यासाठी अनेक लहानमोठे कारखाने पुढे सरसावले. कोणी गव्हर्नर केला, कोणी चिखलात रुतू नये म्हणून चाकांच्या जागी सलग पट्ट्यांची योजना केली. इंग्लंडात, पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या रचनेवर काम केलेले लेफ्टनंट-कर्नल फिलिप जॉन्सन यांनी १९१९ साली रोडलेस ट्रॅक्शन ही कंपनी काढली आणि पुढे फोर्डसनला अर्धे पट्टे बसवून दिले. उलटण्याचा धोका टाळण्यासाठी खुद्द फोर्डनेही मागे लांब शेपटासारखे उतरणारे मडगार्ड पुरवले. यंत्र मागे झुकू लागले की ही शेपटे आधी भूमीला टेकत.

मूळ कारखान्याने बसवलेला भाग, मूळ कारखान्याने स्वतंत्रपणे विकलेला भाग, तिसऱ्या कारखान्याने त्याच काळात विकलेला भाग आणि पुष्कळ वर्षांनंतर दुरुस्तीसाठी केलेला भाग, अशा चार कुळांत हे सामान वाटले जाते. अननुभवी मनुष्य तिसऱ्या कुळाला गौण लेखतो. प्रत्यक्षात १९२०च्या दशकातील एखादा स्वतंत्र गव्हर्नर किंवा पट्ट्यांचा संच हा मूळ भागापेक्षाही दुर्मिळ आणि म्हणून अधिक मोलाचा असू शकतो, कारण शेतकऱ्याची तत्कालीन अडचण आणि तिच्यावर कोणा कल्पक कारागिराने काढलेला तोडगा या दोहोंचे बयान त्याच्या एकट्याच्या ठायी असते.

लोखंडाचे दस्तऐवज

बीड ओतताना साच्यातच अक्षरे आणि अंक उठवण्याचा शिरस्ता होता, आणि ही उठावाची अक्षरे म्हणजे भागाचे जन्मटिपण होय. पण ते वाचण्याला शिस्त लागते. ओतिवावरील अंक आणि सुट्या भागांच्या पुस्तकातील क्रमांक हे एकच असतील असे नवख्याला वाटते. वास्तविक एकाच कच्च्या ओतिवाला निरनिराळ्या ठिकाणी भोके पाडून, निरनिराळे कातकाम करून दोन वेगळे भाग सिद्ध करता येतात. त्यामुळे ओतिवाचा अंक आईचे नाव सांगतो, लेकराचे सांगेलच असे नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीच्या पुढील काळातील क्रमांकांत अखेरीस ‘आर१’ अशी जोड असली तर तो एकेरी भाग आणि ‘आर९१’ असली तर ती अनेक भागांची जुळणी, अशी व्यवस्था होती. हे ज्याला ठाऊक नाही तो अर्धा भाग पूर्ण समजून विकत घेतो.

त्याच कंपनीच्या ओतिवांवर पुष्कळदा आणखी एक लहान मजकूर सापडतो: दोन अंक आणि एक अक्षर. अंकांनी महिना आणि दिवस, अक्षराने वर्ष. डेल्को-रेमी कंपनीच्या जनरेटरवरील पट्टीत याहून निराळी रीत दिसते. तेथे वर्षासाठी एकच अंक आणि महिन्यासाठी अक्षर, त्यामुळे ‘९’ म्हणजे १९३९ की १९४९ याचा निकाल पट्टीवरून लागत नाही, तो भागाच्या रचनेवरून लावावा लागतो. ब्रिटिश ल्यूकसच्या युद्धोत्तर विद्युत्-सामग्रीवर बहुधा महिना आणि वर्ष सरळ अंकांत ठोकलेले असतात, आणि म्हणून इंग्लंडातील संग्राहक या कामी अधिक सुदैवी आहेत.

तारीख हाती आली की एक कठोर पण न्याय्य नियम लावता येतो. भाग आधी ओतला जातो, मग कातला जातो, मग यंत्रावर चढतो. यास्तव त्याची तारीख यंत्र पूर्ण झाल्याच्या तारखेच्या थोडीशी आधीची असली पाहिजे. १९३८ साली बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरवर १९४१चा भाग असेल, तर तो कितीही सुबक असला तरी त्या ट्रॅक्टरचा जन्मजात सोबती नव्हे. उलट, भागाची तारीख यंत्राहून पाच वर्षे जुनी असेल तर तो अन्य यंत्रावरून आला असण्याचीच शक्यता बळावते. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना सातबाऱ्यावरील फेरफारांचा क्रम जसा तपासतात, तसाच हा तारखांचा क्रम येथे तपासला जातो, आणि एक नोंद जरी मागेपुढे झाली तरी खरेदीदार सावध होतो.

अक्षरांच्या जोडीला रंगाची जबानी घेतली जाते. इंटरनॅशनलचे फार्मऑल ट्रॅक्टर आरंभी करड्या रंगाचे असत. १९३६च्या नोव्हेंबरात कंपनीने त्यांना तांबडा रंग दिला. एखाद्या मडगार्डच्या आतल्या बाजूस, जेथे नंतरच्या रंगाऱ्याचा हात पोहोचला नाही तेथे, तांबड्याखाली करडा थर आढळला तर तो भाग या बदलापूर्वीचा असल्याची शक्यता दृढ होते. इंग्लंडात डॅगनहॅमला होणारे फोर्डसन निळ्यावरून १९३७च्या सुमारास नारिंगी झाले, आणि युद्धकाळात तो भडक रंग विमानांतून सहज दृष्टीस पडेल म्हणून हिरवे झाले. त्यामुळे रंगाचे थर नखाने हळूच उकलून पाहणारा परीक्षक एका अर्थी युद्धाचा इतिहासच उकलत असतो.

याखेरीज कागदाचे साह्य आहे, आणि त्यातील सर्वांत विश्वसनीय कागद एका फसवणुकीच्या पोटी निर्माण झाला. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराने मिनियापोलिसचा तो ‘फोर्ड’ ट्रॅक्टर विकत घेतला होता आणि त्याच्या सुमार कामगिरीने ते हैराण झाले होते. त्यांच्या पुढाकाराने १९१९ साली असा कायदा झाला की त्या राज्यात विकावयाच्या ट्रॅक्टरची विद्यापीठाने आधी परीक्षा घेतली पाहिजे. १९२० साली लिंकन येथे वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरची पहिली परीक्षा पुरी झाली. परीक्षेच्या अहवालात शक्ती आणि इंधन यांच्या तपशिलाबरोबरच त्या यंत्रावर कोणत्या कंपनीचा मॅग्नेटो आणि कोणता कार्ब्युरेटर होता हेही नमूद केलेले असे. त्या काळी शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही नोंद आज, शंभर वर्षांनंतर, कोणता भाग कोणत्या यंत्राचा यासंबंधीच्या वादात अखेरचा दाखला म्हणून पुढे येते. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे विस्तीर्ण दफ्तरही विस्कॉन्सिनच्या राज्य इतिहास संस्थेत, मॅडिसन येथे, जपून ठेवलेले आहे, आणि जुनी जाहिरातपत्रके व छायाचित्रे तेथे पाहावयास मिळतात.

नक्कल ओळखताना

मागणी वाढली की नक्कल येते, हा सर्व बाजारांचा धर्म आहे. नक्कल करणे हा स्वतः अपराध नव्हे; किंबहुना नव्याने ओतलेले भाग मिळाले नसते तर असंख्य जुने ट्रॅक्टर आज उभेच राहिले नसते. नक्कल अस्सल म्हणून पुढे केली जाते तेथे दोष उत्पन्न होतो, आणि अशा वेळी परीक्षकाच्या मदतीला निसर्गाचाच एक नियम धावून येतो.

वितळलेले बीड साच्यात थंड होताना आकुंचन पावते. हे आकुंचन शेकडा सुमारे १, म्हणजे फुटामागे सुमारे अष्टमांश इंच असते. हे ठाऊक असल्यामुळे मूळ लाकडी नमुना करणारा कारागीर तितक्याच प्रमाणात मोठ्या खुणा असलेली खास पट्टी वापरतो आणि नमुना मुद्दाम मोठा घडवतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतील नमुनेकाराला हे नव्याने सांगावे लागणार नाही. परंतु नक्कल करणाऱ्यापाशी मूळ लाकडी नमुना नसतो. तो जुना भागच वाळूत दाबून साचा घेतो, त्यात बीड ओततो, आणि निपजलेला भाग जुन्यापेक्षा फुटामागे अष्टमांश इंचाने लहान भरतो. अस्सल भाग शेजारी ठेवून पट्टी लावली की खोटेपणा उघड होतो. त्याच्या जोडीला अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात, पृष्ठभाग अधिक रवाळ दिसतो आणि मूळ भागावर झालेली इजा, एखादा टवका वा चीर, नकलेवर ओतिवातच उमटलेली सापडते.

घोड्यांनी ओढावयाच्या अवजारांवरील बिडाच्या बैठकींबाबत हा खोटेपणा विशेष चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानदार आपले नाव या बैठकींवर नक्षीसह ओतीत, आणि त्यांचा संग्रह करणारांचा एक स्वतंत्र समुदाय अमेरिकेत आहे. पोर्टलंडच्या बाजारात अशी एक बैठक ‘ट्रॅक्टरची’ म्हणून मांडलेली दिसली, तेव्हा शेजारच्या विक्रेत्याने शांतपणे सांगितले की ट्रॅक्टरवर बहुधा दाबीव पोलादी पत्र्याची बैठक असे. ही बिडाची बैठक गवत कापण्याच्या घोडायंत्राची असावी. मूळ चुकीचे सांगितले म्हणून वस्तू निकृष्ट होत नाही. पण मूळ चुकीचे सांगितले तर तिची योग्य कदर करणारा ग्राहक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

बारीकसारीक लोखंडही साक्ष देते. फिलिप्स पद्धतीचा, चौफुलीच्या खाचेचा स्क्रू १९३६च्या सुमारास उद्योगात रूढ होऊ लागला. १९२५चा म्हणून सांगितलेल्या दिव्याची काच अशा स्क्रूने धरलेली असेल, तर दिवा तरी नंतरचा आहे किंवा त्यात नंतर कोणी हात घातला आहे. एखाद्या भागावर ब्रिटिश विटवर्थ आटे असतील आणि विक्रेता तो अमेरिकन म्हणत असेल, तर पाना लावताच खातरजमा होते. मॅग्नेटोवरील मोठे नालाकृती चुंबक १९३०च्या दशकात नव्या मिश्रधातूंचे लहान पण प्रबळ चुंबक आल्यावर मागे पडले. म्हणून चुंबकाचा आकारच काळ सांगतो. यांपैकी एकही पुरावा एकटा पुरेसा नसतो. परीक्षकाचे कौशल्य पुरावे जमवण्याइतकेच ते परस्परांशी जुळतात की नाही हे पाहण्यात आहे.

दुर्मिळता कशी घडते

एखादी वस्तू दुर्मिळ का झाली, हे कळल्याखेरीज तिचे मोल कळत नाही. लोखंडी चाके घ्या. १९३२ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ‘यू’ ट्रॅक्टरला हवा भरलेल्या रबरी धावा दिल्या, आणि पुढच्याच वर्षी विख्यात शर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड यांनी तसला ट्रॅक्टर ताशी ६४ मैल वेगाने पळवून जनतेस थक्क केले. त्यानंतर शेतकऱ्यांनी जुन्या लोखंडी चाकांचे आरे कापून त्यांवर रबरी धावांचे कडे जोडून घेतले. उरलीसुरली चाके दुसऱ्या महायुद्धातील भंगारसंकलनात भट्टीत गेली. ज्या वस्तूचे एके काळी ढीग होते ती आज शोधावी लागते, ती अशा रीतीने. आणि चाकांवरील दातेही पूर्ण संचाने मिळाले तर त्यांचे मोल सुट्या दात्यांच्या बेरजेहून कितीतरी अधिक होते.

याच्या उलट बाजू फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या पान्याची आहे. कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात टीई-२० जातीचे पाच लाख सतरा हजारांहून अधिक ट्रॅक्टर निघाले. त्यांबरोबर मिळणाऱ्या पान्यावर इंचाच्या खुणा कोरलेल्या असत, त्यामुळे नट आवळण्याच्या त्याच हत्याराने शेतकरी नांगराची मापेही घेई. ही कल्पना रम्य आहे, पाना पाहताच हातात घ्यावासा वाटतो. परंतु तो इतक्या विपुल संख्येने निघाला की त्याचे बाजारमूल्य मर्यादितच राहते. कल्पकता आणि दुर्मिळता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पैसा बहुधा दुसरीला मिळतो.

कित्येकदा अभाव हाच अस्सलपणाचा दाखला ठरतो. १९४२ साली युद्धामुळे तांबे आणि रबर यांचा तुटवडा पडला, तेव्हा फोर्डच्या २एन जातीचे काही ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर, बॅटरीऐवजी मॅग्नेटो बसवून बाहेर पडले. अशा ट्रॅक्टरला कोणी हौसेने चकचकीत दिवे आणि जनरेटर लावला, तर त्याने यंत्राची शोभा वाढवली असेल, पण त्याच्या तोंडून युद्धकाळाची हकीकत काढून घेतली.

किंमत ठरते कशी

बाजारात दिवसभर हिंडल्यावर असे ध्यानात येते की एकाच भागाला तीन निरनिराळ्या किमती असतात, आणि वाद बहुधा त्या तिहींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पहिली किंमत उपयोगाची. इंटरनॅशनलचा एच-४ मॅग्नेटो घ्या. त्या कंपनीचे एच आणि एम हे १९३९ पासूनचे ट्रॅक्टर अजून हजारोंच्या संख्येने चालते आहेत, त्यामुळे चालू स्थितीतील मॅग्नेटोला नित्य गिऱ्हाईक असते आणि त्याचा भाव स्थिर राहतो. दुसरी किंमत पुनर्घटनेची. ज्याला आपला ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला त्या दिवशीच्या रूपात उभा करायचा आहे, तो योग्य तारखेच्या, योग्य अंकाच्या भागासाठी उपयोगाच्या किमतीच्या अनेक पटींनी मोजतो, भाग बिघडलेला असला तरी हरकत घेत नाही. तिसरी किंमत संग्रहाची. येथे भाग यंत्रावर चढणारच नसतो, आणि म्हणून मूळ खोक्यात, मूळ कागदी चिठ्ठीसह, कधीही न वापरलेला भाग सर्वांत वर बसतो.

जॉन डीअरच्या ‘डी’ ट्रॅक्टरच्या गतिचक्राचे उदाहरण या तिहींना एकत्र आणते. हा ट्रॅक्टर १९२३ ते १९५३ अशी तीस वर्षे निघत राहिला, परंतु आऱ्यांचे गतिचक्र केवळ आरंभीच्या काळातील यंत्रांना होते. पुढे ते भरीव झाले. उपयोगाच्या दृष्टीने दोन्ही एकच काम करतात. पुनर्घटनेच्या दृष्टीने मात्र आऱ्यांचे चक्र हे आरंभीच्या यंत्राच्या अस्सलपणाचे पहिले चिन्ह होय. म्हणूनच उत्तरकालीन ‘डी’वर आऱ्यांचे चक्र चढवलेले दिसले की जाणता ग्राहक आधी इंजिनाच्या नामपट्टिकेकडे वळतो.

नामपट्टिका हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत नाजूक विषय आहे. पितळेची वा अ‍ॅल्युमिनियमची कोरी पट्टिका आज नव्याने मिळते आणि तिच्यावर हवा तो क्रमांक ठोकता येतो. हरवलेल्या पट्टिकेच्या जागी तोच क्रमांक घालणे आणि एका यंत्राची ओळख दुसऱ्याला देणे यांत जे अंतर आहे ते केवळ सचोटीचे. नवी पट्टिका लावणाराने तिच्या मागील बाजूस ती नवी असल्याची खूण करावी आणि काढलेली जुनी पट्टिका, कितीही झिजलेली असली तरी, कागदांसोबत जपावी, असा आग्रह मी त्या मैदानावर एकाहून अधिक जाणत्यांच्या तोंडून ऐकला, आणि तो मला सर्वथैव योग्य वाटतो.

मूळ मालकाची हकीकत हीही मोलात भर घालते, पण तिला पुरावा हवा. एडमंड हिलरी यांनी ४ जानेवारी १९५८ रोजी पट्टे बसवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांनिशी दक्षिण ध्रुव गाठला. त्या मोहिमेतील पट्ट्याची एक कडी जरी हाती आली तरी ती अनमोल ठरेल. पण ‘ही त्या मोहिमेतली’ या निव्वळ तोंडी शब्दाला बाजारात काहीच अर्थ नाही. छायाचित्र, पावती, हस्तांतराचे पत्र, यांपैकी काहीतरी सोबत असावे लागते. आणि अखेरीस मागणीचा प्रश्न येतो. मनुष्य बहुधा तेच यंत्र विकत घेऊ इच्छितो जे त्याने बालपणी वडिलांना चालवताना पाहिले. ती पिढी ओसरली की त्या जातीच्या सामानाची मागणी ओसरते आणि पुढच्या दशकातील यंत्रांची वाढते. भाव असा पिढीगणिक सरकत राहतो, परंतु भागाचे मूळ जागचे हालत नाही. म्हणून मूळ आधी निश्चित करावे, किंमत मागाहून.

आपल्या शिवारात

परतीच्या वाटेवर माझे यजमान त्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरविषयी बोलले. तो बी-२७५ होता. या नावाला महाराष्ट्रात निराळी ओळख लागत नाही. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापून, मूळ ब्रिटनमधील रचनेचा हा ट्रॅक्टर मुंबईच्या कांदिवलीत घडवण्यास प्रारंभ केला. म्हणजे ज्या कंपनीचे करडे-तांबडे थर पोर्टलंडच्या मैदानावर नखाने उकलले जात होते, तिचीच एक शाखा आपल्या उसाच्या आणि कापसाच्या शिवारात उतरलेली आहे, आणि तिचे पहिल्या पिढीतील सामान आज आपल्या गोठ्यांत, गॅरेजांत आणि भंगाराच्या वखारींत पडून आहे. जॉन डीअरचे ट्रॅक्टरही पुण्याजवळच्या सणसवाडीत तयार होतात. त्या कारखान्याचे आरंभीचे भागही काही दशकांनी जुने म्हणून पाहिले जातील.

आपल्याकडे या सामानाला अजून बाजार नाही, आणि एका परीने ही अनुकूल स्थिती आहे. बाजार आला की नक्कल येईल, आणि नकलेच्या आधी नोंद झालेली असेल तरच अस्सलाची ओळख टिकेल. ज्या भागावर परदेशी मोहोर आहे आणि ज्या भागावर देशी मोहोर आहे, अशांचे नुसते क्रमांक आणि तारखा लिहून काढल्या तरी ट्रॅक्टरचे देशीकरण कोणत्या भागापासून आरंभले आणि कोठवर पोहोचले, याचा इतिहास सिद्ध होईल. तो कोणत्याही वार्षिक अहवालाहून अधिक खरा असेल, कारण तो अहवाल लिहिणाराच्या इच्छेवर अवलंबून नसेल.

त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी असा ट्रॅक्टर आहे किंवा होता, त्यांनी त्याची हत्यारपेटी, दिवे, नामपट्टिका, मूळ पुस्तिका आणि खरेदीची पावती भंगारात घालण्यापूर्वी इतके करावे: प्रत्येक भागावरील अंक व अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढावे, ट्रॅक्टर कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाकडून घेतला आणि कोणता भाग केव्हा बदलला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे, आणि तो कागद भागासोबतच ठेवावा. तालुक्याच्या जुन्या मिस्त्रींकडे या बाबतीत जे ज्ञान आहे ते अद्याप कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही. त्यांच्यापाशी बसून ते टिपून घेणे हे कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना सहज साधण्यासारखे काम आहे, आणि त्या मिस्त्रींच्या हयातीतच ते झाले पाहिजे.

इंडियानातील त्या मैदानावर ज्या वस्तूला मोल येत होते, ते तिच्यातील लोखंडाच्या वजनाने येत नव्हते, की केवळ तिच्या वयानेही नाही. कोणीतरी, केव्हातरी, तिचा क्रमांक एका छापील पुस्तकात घातला होता, तिची परीक्षा घेऊन अहवाल लिहिला होता, तिचा कागद दफ्तरात जपला होता. ते काम ज्यांनी केले त्यांना त्याचा मोबदला बाजाराने दिला नाही, आणि तरीही आजचा सारा बाजार त्यांच्याच कामावर उभा आहे. आपल्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत ते काम अद्याप व्हायचे आहे आणि ते करता येईल इतके सामान व इतकी माणसे अजून आपल्यात आहेत.